घरातली झुरळं सरड्याला घालू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत पाळीव सरपटणाऱ्या प्राण्यांवरचा लेख वाचला. बिअर्डेड ड्रॅगन आणि लेपर्ड गेको या पाळीव सरड्यांची माहिती सोप्या शब्दांत दिली होती, फोटोही छान होते, पण खाण्याचा विषय आला तिथे घरात सापडणारी झुरळं किंवा बाहेरचे किडे घातले तरी चालतात, एवढ्या एका वाक्यात तो उरकला आणि ते वाचून माझा जीव खालीवर झाला. हे वाचून कोणीतरी आज रात्री ओट्यामागचं झुरळ पकडून सरड्याच्या टाकीत टाकणार, म्हणून लगेच लिहायला बसलो.

घरातलं झुरळ कुठून फिरून आलंय ते कोणालाच माहीत नसतं. गटारातून आलेलं असेल तर जंतांची अंडी आणि जिवाणू घेऊन आलेलं असतं, आणि त्याहून मोठा धोका म्हणजे औषध. झुरळं मारायचं जेल मुद्दामच हळू काम करणारं बनवतात, म्हणजे खाऊन झुरळ परत बिळात जावं आणि तिथे बाकीच्यांनाही विष लागावं. आता विचार करा, घरातल्या इतक्या चपळ झुरळांपैकी आपल्या हाताला पटकन कोणतं लागतं? जे सुस्त पडलंय, उलटं होऊन पाय हलवतंय ते. म्हणजे नेमकं विष खाल्लेलंच आपण उचलून सरड्याला देतो. शेजारच्यांनी फवारणी केली असेल तर आपल्या घरात काही न मारताही हेच होतं.

मग खायला काय घालायचं, तर माझं ठाम मत असं की ज्याला किडे खाणारा प्राणी पाळायचाय त्याने किड्यांची सोय आधी करावी आणि प्राणी नंतर आणावा. त्यासाठी खास वाढवलेल्या झुरळांची कॉलनी हा सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे. झुरळ म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात, पण जगात झुरळांच्या साडेचार हजारांवर प्रजाती आहेत आणि माणसाच्या घरात शिरून त्रास देणाऱ्या त्यातल्या साधारण तीस. बाकीची बहुतेक जंगलात पालापाचोळा खाऊन जगतात. सरडे पाळणारे जास्त करून ठेवतात ती डुबिया, मूळची दक्षिण अमेरिकेची, पूर्ण वाढली की चार-साडेचार सेंटीमीटरची, आवाज नाही, नीट ठेवली तर वास जवळजवळ नाही, आणि गुळगुळीत काच किंवा प्लास्टिकवर चढता येत नाही. नराला लांब पंख असतात पण तो सहसा उडत नाही, फार तर वरून खाली तरंगत येतो. मादीला पंखांचे नुसते खुंट असतात त्यामुळे नर-मादी ओळखायला एक नजर पुरते.

रातकिडे का नाही असं कोणी विचारेल. ते चालतात, पण ओरडतात, वास मारतात, पटापट मरतात, आणि टाकीत उरलेले रात्री झोपलेल्या सरड्यालाच चावतात. शिवाय २००९-१० च्या सुमारास उत्तर अमेरिकेत रातकिड्यांचे मोठमोठे फार्म एका विषाणूने साफ झाले होते, तेव्हा फक्त रातकिड्यांवर अवलंबून असलेल्यांची पंचाईत झाली.

कॉलनीला सामान फार लागत नाही. गुळगुळीत बाजूंचा, गडद रंगाचा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा, कारण यांना अंधार हवा असतो. झाकणात आणि वरच्या बाजूला हवेसाठी चौकोन कापून त्यावर धातूची बारीक जाळी बसवायची, कापडी किंवा नायलॉनची नको, ती कुरतडतात. जाळी खरंच बारीक हवी कारण नवी पिल्लं तीन-चार मिलीमीटरची असतात. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावायचे. आडवे एकावर एक रचले तर विष्ठा खळग्यांत साचते, तिथेच ओल धरते आणि बुरशी येते, उभे लावले की सगळं खाली तळाशी पडतं. तळाला माती, भुसा काही घालू नका, साफ करताना त्यात पिल्लं सापडत नाहीत.

आता उष्णता, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. डुबिया थोड्याशा थंडाव्याने मरत नाहीत, २०-२२ डिग्रीला नुसत्या बसून राहतात, खातात, फिरतात, पण पिल्लं होत नाहीत, आणि माणसाला वाटतं झुरळंच खराब मिळाली. नीट प्रजनन हवं तर डब्याची एक बाजू २८ ते ३२ डिग्रीच्या आसपास ठेवायची आणि दुसरी बाजू थोडी थंड, म्हणजे त्यांची ती जागा निवडतात. हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, लावायची तर थर्मोस्टॅटशिवाय (तापमान ठरल्या मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्राशिवाय) अजिबात नाही, प्लास्टिक आणि पुठ्ठा आहे तो, आग लागू शकते. आणि खोलीचं तापमान बघून अंदाज बांधू नका, थर्मामीटर ट्रेच्या मध्ये ठेवा, जिथे झुरळं खरंच बसतात तिथे. हवा फार कोरडी असेल तर कात टाकताना ती अडकतात, पाय वाकडे होतात, म्हणून मध्यम दमटपणा हवा, पण भिंतींवर पाणी जमायला लागलं की समजायचं हवा खेळत नाहीये.

सुरुवात करताना एका नराला तीन ते पाच माद्या या हिशेबाने घ्या. नर जास्त झाले की आपसात भांडतात, एकमेकांचे पंख कुरतडतात आणि माद्यांना स्वस्थता मिळत नाही. समजा पंचवीस माद्या आहेत. एक मादी साधारण दोन महिन्यांनी वीस-तीस पिल्लं देते, म्हणजे सगळं सुरळीत असेल तर दोन महिन्यांत पाचशे ते साडेसातशे पिल्लं, ऐकायला खूप वाटतं, पण तीच पिल्लं मोठी होऊन स्वतः पिल्लं द्यायला चार ते सहा महिने घेतात. आणि वाढत्या वयातलं बिअर्डेड ड्रॅगनचं पिल्लू दिवसाला दोन-तीन डझन बारीक किडे सहज संपवतं. म्हणून पहिली पिढी मोठी होईपर्यंत कॉलनीतून एकही झुरळ काढू नका, तोवरचं खाणं वेगळं विकत आणा. हा धीर धरला नाही तर कॉलनी कधी उभीच राहत नाही. नंतरही काढायची ती मधल्या आकाराची पिल्लं आणि जास्तीचे नर, माद्या राहू द्यायच्या.

एक गोष्ट प्रत्येकाने बघावी असं मनापासून वाटतं. अंधारात लाल टॉर्च धरून हळूच ट्रे उचलला की कधीकधी एखाद्या मादीच्या पोटाच्या टोकातून फिकट पिवळी लांबट पेटी बाहेर आलेली दिसते, त्यावर अंड्यांच्या आडव्या रेघा असतात. मादी ती पेटी हळूहळू बाहेर काढते, आडवी फिरवते आणि परत आत ओढून घेते. पुढे दोन महिने अंडी तिच्या पोटातच वाढतात आणि जिवंत पिल्लं बाहेर येतात, पांढरी, मऊ, काही तासांत रंग चढलेली. मोठं झुरळही कात टाकलं की तसंच पांढरंशुभ्र दिसतं, नवीन माणसाला वाटतं रोग झाला, काही रोग नसतो, त्याला फक्त हात लावू नका कारण अंग तेव्हा फार नाजूक असतं.

आता खाणं, ज्यासाठी खरंतर हे पत्र लिहितोय. झुरळाच्या पोटात जे आहे तेच सरड्याच्या पोटात जातं. पुष्कळ लोक कॉलनीला कुत्र्या-मांजराचं कोरडं खाणं घालतात कारण सोयीचं पडतं आणि झुरळं भराभर वाढतात. पण झुरळाचं शरीर वेगळं चालतं, जास्तीचा नायट्रोजन ते सगळा टाकून देत नाही, युरेटच्या (युरिक आम्लाच्या क्षारांच्या) रूपात अंगातल्या चरबीत साठवून ठेवतं आणि चरबीतच राहणारे ब्लॅटाबॅक्टेरियम नावाचे जिवाणू गरज पडली की त्यातून पुन्हा प्रथिनांची सामग्री तयार करतात. निसर्गात कमी प्रथिनांच्या पालापाचोळ्यावर जगायला ही सोय कामाची आहे. इथे मात्र रोज जास्त प्रथिनं घातली की तो साठा वाढत जातो आणि असं झुरळ रोज खाणाऱ्या सरड्याच्या मूत्रपिंडावर भार येतो, गाऊटची, म्हणजे अंगात युरिक आम्ल साचण्याच्या रोगाची, भीती म्हणतात ती यामुळेच. म्हणून कोरड्या खाण्यात प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास पुरेत, ओट्स, गव्हाचा कोंडा, धान्याची भरड, आणि सोबत गाजर, भोपळा, हिरवा पाला, संत्र्याची फोड. संत्रं त्यांना भलतंच आवडतं. सगळं धुऊन घाला, फळभाजीवरचं औषध झुरळालाही मारतं, आणि ओलं खाणं दुसऱ्या दिवशी काढून टाका. बुरशी ही कॉलनीची खरी वैरी. पाण्याची उघडी वाटी ठेवू नका, पिल्लं बुडतात, पाणी शोषणारे जेलचे दाणे किंवा रसाळ भाजी पुरते.

एवढं करूनही झुरळात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असतो, हे निसर्गतःच आहे, त्यामुळे खायला घालायच्या आधी दिवस-दोन दिवस झुरळांना पौष्टिक पाला भरपूर द्यायचा आणि देताना त्यांच्यावर कॅल्शियमची पावडर भुरभुरायची, या दोन्ही गोष्टी लागतातच. सोबत योग्य यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा नसेल तर बिअर्डेड ड्रॅगनच्या कातडीत डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि डी३ नाही तर कॅल्शियम पोटात जाऊनही रक्तात येत नाही. मग शरीर हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतं, जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात. जबडा रबरासारखा दबणारा सरडा ज्याने हातात घेतलाय तो पावडरचा कंटाळा पुन्हा करत नाही. अशी लक्षणं दिसली तर घरगुती उपाय नकोत, सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरकडेच न्या. आकाराचा नियमही पाळा, सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठं झुरळ द्यायचं नाही.

साफसफाईवर थोडं. तळाची विष्ठा दर आठवड्याला काढायची गरज नसते, उलट नवी पिल्लं त्यातलंच थोडं खातात आणि त्यातून त्यांच्या पोटात उपयोगी जिवाणू जातात. दोन-तीन महिन्यांनी चाळणीने चाळून पिल्लं बाजूला काढा, मेलेली मात्र दिसली की लगेच उचला. पण चाळताना मास्क आणि हातमोजे घाला, हे हलक्यात घेऊ नका. झुरळांच्या विष्ठेची आणि कातेची धूळ नाकात जात राहिली की कालांतराने अ‍ॅलर्जी होऊ शकते, आधी नसलेल्या माणसालाही, आणि घरात कोणाला दमा असेल तर त्यांच्या झोपायच्या खोलीत कॉलनी ठेवूच नका. खोलीत मच्छर मारायचा स्प्रेही मारू नका, तो डास आणि डुबिया यात फरक करत नाही.

राहिला प्रश्न ही झुरळं घरात पसरतील का. बरेचजण बिनधास्त सांगतात की डुबिया बाहेर जगूच शकत नाहीत. थंड, कोरड्या प्रदेशात ते बरंचसं खरं आहे, पण उष्ण आणि दमट हवेत हा भरवसा धरू नये. कॅनडात डुबिया ठेवायला परवानगी नाही, अमेरिकेतल्या फ्लोरिडात त्यांच्यावर बंधन आहे म्हणून तिथले लोक डिस्कॉइड नावाची प्रजाती ठेवतात. रेड रनर म्हणून जी चपळ तांबडी झुरळं खाण्यासाठी विकतात, तीच टर्केस्टन झुरळं अमेरिकेच्या नैऋत्य भागात आता बाहेर मोकळी वाढतायत आणि तिथल्या आधीच्या झुरळांची जागा घेतायत. तेव्हा आपल्या भागात काय ठेवायला परवानगी आहे ते आधी विचारा, झुरळाचंही आणि सरड्याचंही, जंगलातून पकडलेला सरडा तर मुळीच घेऊ नका. आणि कॉलनी गरजेपेक्षा वाढली तर जास्तीची झुरळं दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, उष्णता थोडी कमी करून वाढ रोखा, किंवा डब्यात घालून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, पण अंगणात किंवा नाल्यात एकही सोडू नका. चाळून काढलेली विष्ठाही आधी तशीच फ्रीझ करायची, कारण त्यात दिसणार नाहीत अशी पिल्लं राहिलेली असतात, आणि मग कुंडीत खत म्हणून घालायला हरकत नाही.

पुढच्या अंकात निदान घरातली झुरळं घालू नका एवढी एक ओळ ठळक छापावी ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक