स्टिक इज, डॉग इज नो

मालवण,
नारळी पौर्णिमेनंतरचा रविवार

प्रिय आप्पा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर लिहायला बसलो की वह्यांचा गठ्ठा डोळे वटारतो, हे तुला वेगळं सांगायला नको. पण नववीच्या इंग्रजीच्या वर्गात पिक्चर दाखवताना झालेली गंमत तुला नाही सांगायची तर कुणाला? बी.एड.ला असताना एकच पिक्चर तीन-तीनदा बघून आपण रंकाळ्यावर भेळ खात एकेका शॉटवरून भांडायचो. ती भांडणं आता कामाला येतायत बघ.

गेल्या वर्षी मात्र मी माती खाल्ली होती. प्रोजेक्टर नवा, उत्साह दांडगा. अर्धा तास सलग पिक्चर दाखवला आणि विचारलं, 'व्हॉट इज द मेसेज?' झालं! गाइडातली वाक्यं एकेक करून उभी राहिली. 'वी शुड हेल्प अदर्स.' अरे, पिक्चर शार्कचा होता! 'जॉज', १९७५चा, स्पीलबर्गचा.

यंदा पिक्चर तोच, पण सीन एकच, पाच मिनिटांच्या आतला. प्रश्नही एकच: काय दिसलं? मेसेज, थीम, 'कसं वाटलं' या सगळ्यावर बंदी. दिसलं तेवढंच सांगायचं, इंग्रजीत, मोडकंतोडकं चालेल.

किनाऱ्यावरचा तो सीन तुला आठवत असेलच. पोलीसप्रमुख ब्रॉडी वाळूत बसलाय. पाण्यात काय आहे याचा त्याला संशय आहे, आणि आजूबाजूला सगळी सुट्टीची मजा. पहिल्या फेरीत मी आवाज बंद ठेवला. दुसऱ्या फेरीला एक मुलगी, जी जूनपासून 'येस सर'पलीकडे गेली नव्हती, हात वर करून म्हणाली, 'मॅन गो, ब्रॉडी बिग.' मी म्हटलं, म्हणजे काय गं? मग मराठीत सांगितलंन: ब्रॉडीच्या समोरून माणसं आडवी जातात, आणि माणूस गेला की ब्रॉडी आधीपेक्षा जवळ आलेला असतो. एस्टी आडवी जावी आणि पलीकडचा माणूस एकदम पुढ्यात दिसावा, तसं. आप्पा, हा कट, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर जायचा जोड, तिथे आहे हे मला एका पुस्तकातून कळलं होतं. तिला दोन फेऱ्यांत दिसला.

मग कुत्रा. एक जण कुत्र्याला पाण्यात काठी टाकून देतोय, कुत्रा आणतोय. थोड्या वेळानं मालक हाका मारतो आणि पडद्यावर नुसती काठी तरंगताना दिसते. बस, एवढंच. रक्त नाही, किंकाळी नाही. शेवटच्या बाकावर रापणवाल्यांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांच्या, घरातला एक पोरगा बसतो. हजेरीत निम्मे दिवस गैरहजर, कारण रापण ओढायला हात लागतात. तो बसल्या जागेवरूनच म्हणाला, 'स्टिक इज. डॉग इज नो.'

वर्ग हसला. मी सवयीनं फळ्याकडे वळून लिहिलं: 'द स्टिक इज देअर. द डॉग इजन्ट.' लिहून झाल्यावर मलाच ते पाणचट वाटलं. त्याचं वाक्य त्या शॉटसारखं होतं, माझं व्याकरणासारखं. शेवटी दोन्ही फळ्यावर ठेवली आणि वर्गाला विचारलं, परीक्षेत कुठलं लिहाल? सगळे म्हणाले माझं. आणि खरं कुठलं? त्याचं!

त्या सीनमध्ये दिग्दर्शक आपल्याला दोनदा फसवतो. काळं काहीतरी पाण्यातून येतं, ती म्हाताऱ्याची पोहायची टोपी निघते. एक मुलगी किंचाळते, तर मित्रानं तिला खांद्यावर उचललेलं असतं. मुलं मान उंचावून बघत होती. पिवळ्या तराफ्यावरचा मुलगा पाण्यात गेल्यावर रक्त येण्याआधी मी थांबवतो. त्यावर वर्गाने मला मनातल्या मनात शिव्या घातल्या असणार.

तिसऱ्या फेरीला आवाज सुरू. ते संगीत म्हणजे मुळात दोनच स्वर, एकमेकांना चिकटलेले. डबलबारीच्या भजनात पेटी वाजवणारा एक जण आहे वर्गात, त्यानं शाळेच्या पेटीवर लगेच वाजवून दाखवलं: सा आणि कोमल रे, सा आणि कोमल रे, हळूहळू जलद. खालच्या सप्तकात. पाचवीची पोरं दाराशी येऊन उभी राहिली. पुढच्या तासाला मी त्यांना शार्कच्या पाठीवरचा असतो तसा पुठ्ठ्याचा पर लावून लोकांना घाबरवणाऱ्या दोन पोरांचा सीन दाखवला आणि नुसतं 'ऐका' म्हटलं. पेटीवाल्यानं पकडलंच: 'म्युझिक नॉट कम. शार्क फॉल्स.' संगीत खोटं बोलत नाही, हे त्याला माझ्याआधी सुचलं.

पण खरी मजा पुढे. मी विचारलं, इतका वेळ मासा का दाखवला नसेल? आणि सांगून टाकलं की यांत्रिक शार्क बनवला होता, अटलांटिकच्या खाऱ्या पाण्यात तो सारखा बिघडायचा, म्हणून माशाशिवायच भीती उभी करावी लागली. वर्गात एकदम खसखस पिकली. रापणवाला उठून म्हणाला, 'सर, मशीन खाऱ्या पाण्यात गंजतलाच. इंजिन गोड्या पाण्यान धुवूचा लागता, ह्या त्येंका कोणी सांगूक नाय?' हॉलिवूडला माहीत नव्हतं ते आमच्या धक्क्यावरच्या पोराला माहीत! मी घाटावरचा, मलाही नव्हतंच. पुढे म्हणाला, 'दिसूक नाय म्हणान भिया वाटता. मोरी बाजारात टोपलीत दिसता, तिका कोण भिता?' खरंच आहे. मोरी म्हणजे इथला शार्कच, तिचं मटण हे लोक चवीनं खातात, आणि मी शार्क शार्क म्हणून थरथरत शिकवतोय.

त्या दिवशी प्रत्येकानं पाच-सहा वाक्यं लिहिली. स्पेलिंगचा आनंदीआनंद, पण सगळ्यांची वाक्यं वेगवेगळी. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी वह्यांचा गठ्ठा एका बैठकीत वाचून काढला.

एका पालकांची तक्रार आलीच, इंग्रजीच्या तासाला सिनेमे बघतात म्हणून. मी त्यांना वही दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण पटलं असंही म्हणाले नाहीत. असो.

पुढच्या खेपेला 'पथेर पांचाली'तला (१९५५) आगगाडीचा सीन घ्यायचा विचार आहे. अपू आणि दुर्गा खांबाला कान लावून गुणगुण ऐकतात, तो. भाषा बंगाली, म्हणजे इंग्रजी सगळी मुलांनीच आणायची. जमेल का? तू काय म्हणतोस ते कळव.

दिवाळीत येतोस ना? वहिनींना आणि पोरांना घेऊनच ये, बांगडे चांगले मिळतील. आणि येताना तुझा तो जुना स्पीकर आण. शाळेचा खाऱ्या हवेनं गेला. रापणवाल्यानं उघडून बघितला आणि माझ्याकडे असं काही बघितलं की काय सांगू.

तुझा,
दादू