दम्याविषयीची प्रश्नावली भरताना
सर्व पालक-सदस्यांना विनंती आहे की, प्रश्नावली भरताना ‘मुलाला दमा आहे का’ या एकाच प्रश्नापाशी थांबू नये. कारण मुलांमधील दमा व ॲलर्जीविषयीच्या ‘आयझॅक’ या जागतिक पाहणीच्या तिसऱ्या टप्प्यात १३-१४ वर्षांच्या सुमारे १४ टक्के मुलांनी मागील १२ महिन्यांत छातीत घरघर झाल्याचे सांगितले होते, आणि तीव्र त्रास असूनही त्यांतील अनेकांचे निदान झालेले नव्हते. रात्री कोरड्या खोकल्याने मूल उठून बसते का, धावल्यावर छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो का, हे आवर्जून लिहावे. आईवडिलांचा दमा, भिंतीवरची बुरशी, मुलाचे वाढलेले वजन यांचीही नोंद करावी. घरातील धूम्रपान मात्र कृपया लपवू नये. खिडकीत उभे राहून ओढलेल्या सिगारेटचा धूरही मुलाच्या श्वासापर्यंत पोहोचतो.