समुद्राचा अंदाज नागपूरकरांनाही हवा

संपादक महोदय,

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांजवळ पोहोचला की आम्हा नागपूरकरांची पावले कोकणाकडे वळतात, आणि अलीकडे तरुण मुले तिथे सर्फिंगही शिकू लागली आहेत. माझा मुलगा त्यांपैकीच एक. निघताना आम्ही फक्त पावसाचा अंदाज पाहतो, ही आमची मोठी चूक आहे.

किनाऱ्यावर आकाश निरभ्र आणि वारा मंद असतानाही दक्षिण हिंदी महासागरातील वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर आदळतात. केरळात या अचानक उसळणाऱ्या समुद्राला ‘कल्लक्कडल’ म्हणतात. म्हणूनच लाटेच्या उंचीइतकेच दोन लाटांमधले वेळेचे अंतर महत्त्वाचे असते. दीड मीटरची लाट आठ सेकंदांनी येणे वेगळे आणि सोळा सेकंदांनी येणे वेगळे, कारण दुसरीत कितीतरी अधिक जोर असतो. त्यात अमावस्या-पौर्णिमेचे उधाण आले, तर सराईतानेही पाण्यात उतरण्यापूर्वी स्थानिक कोळी बांधवांना विचारावे.

हैदराबादचे ‘इन्कॉईस’ हे सागरी माहिती देणारे राष्ट्रीय केंद्र उंच लाटांचे इशारे नियमित देते. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत आपण नागपूर आवृत्तीत तापमानाच्या चौकटीशेजारी सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या लाटांची उंची, त्यांच्यातील सेकंदांचे अंतर आणि भरती-ओहोटीच्या वेळा छापाव्यात, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर