ताई, वरण मला आता येतं

प्रिय ताई,

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं. उघड लिहितेय, कारण व्यवसायोपचार, म्हणजे तुमची ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं स्वतःची स्वतः करता यावीत म्हणून मिळणारी मदत, मोठ्या माणसांसाठीही असते हे मला बत्तिसाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं निदान झाल्यावर मी तीन ठिकाणी फोन केले. तिन्हीकडे पहिला प्रश्न, "मुलाचं वय काय?" माझ्यासाठीच विचारतेय म्हटलं, की पलीकडून उत्तर यायचं, "आम्ही मोठ्यांचं बघत नाही."

मग तुम्ही भेटलात आणि विचारलंत, "दिवसभरातलं असं काय आहे, जे तुला स्वतःला करायचंय?" मी म्हणाले, वरण. तुम्ही ते वहीत लिहून घेतलंत.

"मुलीची जात आणि साधं वरण येत नाही," हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आलेय. वेंधळी. आळशी. लक्षच नसतं. ताई, लक्ष होतं. सगळीकडेच होतं. कुकरची शिट्टी, पंख्याची घरघर, शेजारची मालिका, मोहरीची तडतड एकाच जोराने कानावर येतात आणि हातातली पळी कुठे ठेवायची तेच सुचेनासं होतं. तुम्ही घरी आलात, ओट्यापाशी अर्धा तास नुसत्या उभं राहून मला काम करताना पाहिलंत आणि आईला म्हणालात, "तिला येत नाही असं नाही, काकू. एका वेळी फार गोष्टी अंगावर येतात तिच्या." आई त्या रात्री बराच वेळ गप्प होती.

मग आपण शेवटून सुरुवात केली. पहिले काही दिवस मी फक्त तयार वरणावर कोथिंबीर घालायची आणि वाढायचं. ते अंगवळणी पडल्यावर मीठ-गूळ. मग फोडणी, मग डाळ घोटणं. असं उलटं उलटं जात डाळ धुण्यापर्यंत पोचायला मला चार महिने लागले. शेवटची पायरी आपल्या हातची असली की दर वेळी काम पुरं झालेलं दिसतं, असं तुम्ही सांगितलंत. माझ्या हातातलं काम नेहमी कुणीतरी अर्ध्यावर काढून घेतलेलं. पुरं झालेलं काम कसं वाटतं, ते मला तोवर माहीतच नव्हतं.

शिट्ट्या मोजायच्या नाहीत, हेही तुमचंच. कानात बोळे, पहिल्या शिट्टीला गॅस बारीक आणि खिशात थरथरणारा मोबाइलचा गजर. चिरायच्या पाटाखाली ओलं फडकं, म्हणजे पाट सरकत नाही. मिसळणाच्या डब्यात फक्त मोहरी, जिरं, हळद, हिंग. सकाळी लोकल गाठण्याआधी मी कणीक मळते, कारण हातांना आणि खांद्यांना जोर पडला की माझं अंग ठिकाणावर येतं आणि डोंबिवलीच्या गर्दीत उभं राहता येतं. भूक मला हात थरथरायला लागेपर्यंत कळत नाही, म्हणून एक वाजता गजर. कुणाला हे किरकोळ वाटेल. माझा अख्खा दिवस यावर उभा आहे.

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात १९५० साली कमलाबाई निंबकरांनी देशातलं पहिलं व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं, हे तुम्ही मला सांगितलं होतं. जन्माने अमेरिकन असलेली बाई इथे येऊन हे काम रुजवते, आणि इतक्या वर्षांनी त्याच शहरात मला तीन फोन करावे लागतात, याचा मला अजून राग येतो. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, कामाच्या जागी रास्त सोय मागता येते, हेही तुमच्याकडूनच कळलं. अर्ज लिहिताना तुम्ही शेजारी बसलात, पण वाक्यं माझी मलाच लिहू दिलीत. आता माझं टेबल प्रिंटरपासून लांब, खिडकीशी आहे.

एकदाही तुम्ही मला "इतरांसारखी" करायला गेला नाहीत. त्याबद्दल आभार कसे मानायचे, ते मला खरंच कळत नाही.

गेल्या महिन्यात आई चार दिवस मामाकडे राहून आली. निघताना तिने फ्रिजमध्ये माझ्यासाठी काहीही करून ठेवलं नव्हतं.

एखाद्या रविवारी जेवायला या. पोळ्या आई करेल, वरण मी.

तुमची,
बुधवारची, अकरा वाजताची