मंत्रिमहोदय, त्या रिक्त जागांचे पुढे काय झाले?

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : तासिका तत्त्वावरील अध्यापकांचे थकलेले मानधन आणि प्राध्यापक भरतीबाबत दिलेल्या शब्दांचा हिशेब.

महोदय,

सविनय नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. सेट ही प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहे, पीएच.डी. झाली आहे, नेमणूक तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच पैसे. पहिले सत्र संपले, परीक्षा झाल्या, पेपर तपासून झाले, दुसरे सत्रही निम्मे होत आले. पहिल्या सत्राचे मानधन मात्र अजून खात्यावर नाही. महाविद्यालयात विचारले की सांगतात, बिले वर गेली आहेत. वर विचारले की सांगतात, त्रुटी निघाली आहे. कोणती, ते कोणी सांगत नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या बचत गटाचा माझा हप्ता चुकला. गटातल्या बायका घरी आल्या. भांडायला नाही, काळजीने आल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "मॅडम, तुम्ही तर कॉलेजात शिकवता ना?" ती शेतमजूर आहे. तिला आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरी मिळते. तिची मुलगी माझ्या वर्गात बसते आणि पुढे शिकून मॅडमसारखी प्राध्यापक व्हायचे म्हणते. त्या बाईला मी काय उत्तर द्यायला हवे होते, हे आपणच सांगावे. मानधन दरमहा मिळेल, हे आश्वासन आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की ते कोणत्या वर्षी कोणी दिले, हेही आता एकमेकांना सांगत बसत नाही.

आमचे मानधन किती, तेही लिहिते, कारण प्राध्यापक म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर लाखाचा पगार येतो. २०२३ मध्ये शासनाने पदवी वर्गाच्या तासाचा दर ६२५ वरून ९०० रुपये केला. आठवड्याला जास्तीत जास्त ९ तासिका. म्हणजे सगळे तास मिळाले तर आठवड्याचे ८,१०० रुपये. दिवाळीची सुटी, परीक्षा, निवडणुका, उन्हाळा या काळात तास नाही म्हणून पैसे नाहीत. शेजारच्या खोलीत तोच पेपर शिकवणाऱ्या कायम सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतनच ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना मिळते ते योग्यच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्येच अतिथी अध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला ५० हजारांपर्यंत असा दर सांगितला. आपले राज्य चार वर्षांनंतरही ९०० पर्यंतच आले.

आणि आम्ही फक्त तास घेतो का? महाविद्यालयाचा दर्जा तपासणारी नॅकची समिती यायची असली की फायली आम्ही लावतो. प्रवेशाच्या वेळी टेबलावर आम्ही बसतो. पर्यवेक्षण आम्ही करतो. नवे शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत आले तेव्हा जे नवे पेपर कोणाच्याच वाट्याचे नव्हते, ते आमच्याकडे आले. त्याची पुस्तके नव्हती, रात्री बसून टिपणे आम्ही काढली. यातल्या कशाचाही तास धरला जात नाही.

महोदय, मी बी.ए.च्या वर्गाला विधिमंडळाचे कार्यपालिकेवरील नियंत्रण शिकवते. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अनुदानाच्या मागण्या म्हणजे खात्यांच्या खर्चाची मंजुरी, लोकलेखा समिती, आश्वासन समिती. मुलांना सांगते की मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द वाऱ्यावर जात नाही, तो नोंदला जातो आणि मुदतीत पाळला की नाही, हे समिती तपासते. हे शिकवताना अलीकडे माझाच आवाज खाली येतो.

कारण आमच्या प्रश्नाचे काय झाले ते मी पाहिले आहे. मे २०१७ मध्ये भरती थांबवली. नोव्हेंबर २०१८ मध्ये रिक्त पदांच्या ४० टक्के म्हणून ३,५८० सहायक प्राध्यापकांची पदे भरायला मान्यता दिली. ३,५८० हे जर ४० टक्के असतील, तर तेव्हाच नऊ हजारांच्या घरात जागा रिकाम्या होत्या. मग नवी भरती थांबवणारा ४ मे २०२० चा वित्त विभागाचा निर्णय आला आणि तीही भरती अडकली. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये उरलेल्या २,०८८ पदांना परवानगी मिळाली. म्हणजे २०१८ ची शिल्लकच २०२१ मध्ये नव्याने जाहीर झाली, आणि आम्ही पेढे वाटले. त्या काळात निवृत्त झालेल्यांच्या जागा कोणी मोजल्या? ज्या साठ टक्क्यांना तेव्हा हातच लावला नाही, त्यांचे काय?

हे सभागृहात विचारले गेले नाही असे नाही. विचारले जाते. उत्तरे छापील असतात : होय, हे खरे आहे. बाब विचाराधीन आहे. प्रश्न उद्भवत नाही. तेवढ्यावर प्रश्नोत्तराचा तास संपतो आणि सदस्य पुढच्या प्रश्नाकडे वळतात. संसदेत १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या आहेत. मागण्या मताला टाकण्याआधी समिती सचिवांना समोर बसवून विचारते की मंजूर पदे किती, भरलेली किती, न भरण्याचे कारण काय. शिफारशींवर काय केले, याचाही अहवाल मागते. केरळ विधानसभेत विषय समित्या १९८० पासून आहेत. आमच्या खात्याच्या मागण्यांची इतकी बारकाईने छाननी मुंबईत किंवा नागपुरात कधी होणार? हजारो कोटी वेतनावर मंजूर होतात आणि त्यातून एका तालुक्याच्या राज्यशास्त्र विभागात किती माणसे बसली, हे कोणी विचारत नाही. आमच्या विभागात एकही कायम प्राध्यापक उरलेला नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसाव्यात, असे म्हटले आहे. त्याच विनियमांत असेही आहे की तात्पुरत्या सेवेचा अनुभव तेव्हाच धरायचा, जेव्हा त्या काळात नियमित सहायक प्राध्यापकाइतके मासिक वेतन मिळत होते. म्हणजे पैसे कमी दिले, म्हणून माझी वर्षेही मोजायची नाहीत. एकाच नियमावलीतली पहिली अट सरकारने धाब्यावर बसवायची आणि दुसरी आमच्यावर काटेकोर लावायची. ज्या वर्षांत मी शेकडो मुलांना शिकवले, ती वर्षे कागदावर अस्तित्वातच नाहीत. हे मला मानधनाच्या थकबाकीपेक्षा जास्त लागते.

जागा निघाली तरी काय होते, तेही ऐका. एका संस्थेत मुलाखतीच्या आदल्या दिवशी मला निरोप आला. प्रबंधाचा विषय कोणी विचारला नाही, आकडा विचारला. तो आकडा आमची जमीन, घर आणि माहेरचे सगळे विकूनही उभा राहिला नसता. पगार सरकारने द्यायचा, जागा सरकारने मंजूर करायची आणि ती विकायची संस्थाचालकाने, हे महाराष्ट्रात कोणाला माहीत नाही? १९८३ मध्ये विनाअनुदानित महाविद्यालयांना दारे उघडली, तेव्हापासून शिक्षण हा धंदा कसा झाला, हे आपल्या सगळ्या पक्षांना ठाऊक आहे, कारण सगळ्या पक्षांत संस्थाचालक आहेत. सभागृहात आमची बाजू कोणी मांडावी? शिक्षकांसाठी विधान परिषदेत सात जागा राखल्या आहेत. त्या मतदारयादीत नाव घालायला संस्थाप्रमुखाचा दाखला लागतो. माझ्या दाखल्यावर सही झाली नाही. शिकवायला मी शिक्षक आहे, मत द्यायला नाही.

दिल्लीकडे बोट दाखवू नका. शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांकडे आहे, दर्जा ठरवणे केंद्राकडे आहे, हे मलाही शिकवता येते. सातव्या वेतन आयोगाच्या वाढीव खर्चाचा अर्धा वाटा केंद्राने ३१ मार्च २०१९ पर्यंतच द्यायचे ठरवले, हेही खरे. पण राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च करा, हे कोठारी शिक्षण आयोगाने १९६६ मध्ये सांगितलेले २०२० च्या धोरणात पुन्हा लिहावे लागते, तेव्हा दोन्ही सरकारांनी मिळून आम्हाला साठ वर्षे टोलवले आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ राष्ट्रीय क्रमवारीच्या विद्यापीठ गटात २०२४ मध्ये २३ वे होते, २०२५ मध्ये ५६ वे झाले. तेव्हा सगळ्यांना रिक्त जागा आठवल्या. खेड्यातल्या महाविद्यालयाला क्रमवारी नसते, म्हणून आमची घसरण बातमीत येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात सुनावले की कार्यक्रमांत गुरुर्ब्रह्मा म्हणत राहणे पुरेसे नाही, शिक्षकाला वागणूकही तशी द्यावी लागते. आमच्याबद्दल तेच ऐकण्यासाठी आम्हीही दिल्ली गाठायची का?

माझी मागणी एवढीच आहे. थकलेले मानधन या महिन्यात द्या आणि पुढे दरमहा द्या. प्रत्येक अनुदानित महाविद्यालयाची मंजूर, भरलेली आणि तासिकेवर चालवलेली पदे विषयवार संकेतस्थळावर टाका. २०१८ पासून भरतीबाबत सभागृहात दिलेली सगळी आश्वासने आश्वासन समितीपुढे ठेवा, आणि ती समिती जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन आमची साक्ष घेऊ द्या. आम्ही कागद घेऊन येऊ. भरती विद्यापीठस्तरावर, संस्थाचालकाच्या हाताबाहेर करा. आणि दिलेल्या सेवेचा अनुभव धरण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाकडे राज्याच्या वतीने लेखी मागणी करा.

या पत्राखाली नाव लिहीत नाही. जूनमध्ये पुन्हा त्याच संस्थेत मुलाखतीला जायचे आहे.

आपली,
तासिका तत्त्वावरील एक अध्यापिका,
मराठवाडा