पेठांमधून वाट दाखवणारे खिळे हवेत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

औंधला ब्रेमेन चौक आहे तो सगळ्यांना माहितीये, पण ज्या जर्मन शहरावरून त्याचं नाव पडलं तिथे मी नुकतीच भाषेच्या कोर्ससाठी जाऊन आले. एका रविवारी क्लासला सुट्टी होती म्हणून आम्ही दोघी पुण्याच्या आणि क्लासमधले वेगवेगळ्या देशांचे मित्रमैत्रिणी असे सगळे गाव बघायला बाहेर पडलो. तिकडे रविवारी दुकानं बंद असतात त्यामुळे खरेदीचा विषयच नव्हता, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दिवसभर पायपीट.

मला सांगायचंय ते तिथल्या खिळ्यांबद्दल. जुन्या गावात फरशीमध्ये धातूचे खिळे ठोकलेत, एकापुढे एक, आणि ती रांग धरून चालत राहिलं की बघण्यासारखी ठिकाणं आपोआप येत जातात. गाईड लागत नाही, मोबाईलमध्ये तोंड खुपसावं लागत नाही, भाषा येत नसली तरी चालतं. पावसाची सर येऊन गेली तर ते खिळे इतके चमकत होते की आमच्यातले काही जण पुढचा खिळा कोण आधी शोधतो म्हणून पळतच सुटले. टाउन हॉल आणि त्याच्यासमोरचा १४०४ सालचा रोलांडचा पुतळा (दोन्ही २००४ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत), तिथून बॉटशरश्ट्रासे नावाची लाल विटांची गल्ली, जिथे दोन घरांच्या मध्ये चिनीमातीच्या घंटा टांगल्यात आणि त्या खरंच सुरात वाजतात, आणि मग श्नोर म्हणजे एकेकाळची कोळ्यांची आणि कारागिरांची वस्ती, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून कोणी आलं तर अंग चोरून उभं राहायचं. ग्रिमच्या गोष्टीतले गाढव, कुत्रा, मांजर, कोंबडा एकमेकांवर उभे आहेत तो पुतळा पण बघितला, गाढवाचे पुढचे पाय लोकांनी हात लावून लावून सोन्यासारखे पिवळे केलेत.

तेव्हाच कोलंबियाच्या मैत्रिणीने विचारलं, तुमच्या पुण्यात असं कुठून चालायला लागायचं? मी भराभर नावं सांगितली, पण कुठून कुठे जायचं ते मला सांगता येईना कारण तशी आखलेली वाट कुणी दाखवतच नाही. खरं तर आपल्याकडे किती जवळजवळ आहे सगळं! मंडई मेट्रो स्टेशनला उतरलं की १८८६ ची महात्मा फुले मंडई समोरच, तिथून तुळशीबाग, विश्रामबागवाडा, १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा काढली ती भिडेवाड्याची जागा, नानावाडा, शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती. हे सगळं एका सकाळी चालत होतं, मध्ये मिसळ खाऊनसुद्धा. पण बाहेरचा माणूस रिक्षा करून शनिवारवाडा बघतो, फोटो काढतो आणि निघून जातो, पेठा त्याला दिसतच नाहीत.

म्हणून महापालिकेला माझी मनापासून विनंती आहे की मंडईपासून कसबा गणपतीपर्यंत अशी एक खिळ्यांची वाट करा. आपल्याकडे रस्ते सारखे खोदले जातात, तिथे खिळे टिकणार कसे असं कोणी म्हणेल आणि ते बरोबरच आहे, तर मग फुटपाथच्या कडेच्या दगडात बसवा, जिथे फुटपाथच नाही तिथे भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर लावा, लहान मुलांना पण दिसतील. प्रत्येक ठिकाणी मराठीत चार ओळींची पाटी असावी आणि वाटेत एक स्वच्छ टॉयलेट, त्याशिवाय बायकांना अर्धा दिवस पायी फिरणं अवघडच जातं. फुटपाथवर लावलेल्या टू-व्हीलर मात्र हटवाव्याच लागतील नाहीतर खिळे गाड्यांखालीच जातील.

११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रोडचा काही भाग गाड्यांना बंद ठेवतात, त्या दिवशी निदान खडूने ही वाट आखून बघावी, आम्ही कॉलेजची मुलंमुली खडू घेऊन यायला तयार आहोत.

आपली,
एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ, पुणे