‘ना’ ठाऊक असलेल्या मुलांना क्वेश्चन टॅग अवघड का जावा?

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकातील दहावीच्या मार्गदर्शन सदरात गेल्या आठवड्यात इंग्रजीच्या ‘क्वेश्चन टॅग’ या घटकावर, म्हणजे वाक्याच्या शेवटी ‘हो ना?’ अशा अर्थी जोडल्या जाणाऱ्या छोट्या प्रश्नावर, लेख आला होता. या सदराची कात्रणे वहीत चिकटवून ठेवणारी मुले आमच्या गावात आहेत, त्यामुळे त्यात छापलेले वाक्य मुलांच्या लेखी पाठ्यपुस्तकाइतकेच प्रमाण ठरते. म्हणून त्यातील एक चूक दाखवावी आणि हा घटक शिकवण्याच्या एकंदर रीतीविषयीही चार शब्द लिहावेत, असे वाटले. सिंधुदुर्गातील किनाऱ्यावरच्या एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवून मी निवृत्त झालो आहे.

आधी चुकीविषयी. लेखात ‘फ्यू बोट्स वेंट आउट यस्टरडे’ या वाक्याला ‘डिडन्ट दे?’ हा टॅग दिला आहे. तो ‘डिड दे?’ असा हवा. नुसते ‘फ्यू’ म्हटले की बोलणाऱ्याचा रोख ‘जवळजवळ नाहीतच’ याकडे असतो, आणि ‘अ फ्यू’ म्हटले की ‘थोड्या का होईना, पण गेल्या’ याकडे. पहिल्या वाक्याचे मराठी केले तर ते आपोआपच ‘काल फारशा होड्या गेल्या नाहीत’ असे नकारार्थी होते, म्हणून टॅग होकारार्थी; विद्यार्थ्याला एवढी एकच खूण पुरते. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांचेही असेच. ‘हार्डली’, ‘सेल्डम’, ‘नेव्हर’ हे शब्द वाक्यात ‘नॉट’ नसतानाही वाक्य नकारार्थी करतात. ‘नोबडी केम’ याचा टॅग ‘डिड दे?’ असा होतो. तिथे कर्ता एकवचनी दिसत असूनही सर्वनाम ‘दे’ येते, कारण ती व्यक्ती पुरुष की स्त्री हे ठाऊक नसते. अर्थ आधी पाहिला तर ही यादी पाठ करावी लागत नाही.

माझी खरी तक्रार मात्र त्या एका उदाहरणाबद्दल नाही. ‘वाक्य होकारार्थी असेल तर टॅग नकारार्थी, नकारार्थी असेल तर होकारार्थी’ हे सूत्र आणि त्यापाठोपाठ अपवादांची लांबलचक माळ, अशा रीतीने हा घटक वर्गावर्गांतून शिकवला जातो आणि आपल्या लेखातही तो तसाच आला आहे. सूत्र बरोबर आहे, पण मूल अडते ते सूत्रापाशी नव्हे. ते अडते साहाय्यक क्रियापद शोधताना, कारण ‘शी सेल्स फिश’ या वाक्यात ते डोळ्यांना दिसतच नाही. ‘सेल्स’मधला शेवटचा ‘स’ म्हणजेच लपलेले ‘डझ’, आणि टॅग करताना ते बाहेर येते, ‘डझन्ट शी?’ असे, हे फळ्यावर एकदा उलगडून दाखवले की मुलांचे चेहरे खुलतात, हा माझा अनुभव आहे. मग ‘ही पुट द नेट इन द बोट’ हे वाक्य द्यावे. ‘पुट’चे रूप वर्तमानात आणि भूतकाळात एकच, पण ‘ही’पुढे वर्तमानकाळ असता तर ‘पुट्स’ झाले असते. म्हणजे हा भूतकाळ आणि टॅग ‘डिडन्ट ही?’. यात पाठांतर कुठेच नाही, थोडी तपासणी आहे.

या बाबतीत मला सर्वांत उपयोगी पडली ती आपली एस्टी. ‘द एस्टीज लेट’ आणि ‘द एस्टीज लेफ्ट’ ही दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहावीत. कानाला दोन्हीकडे तेच ‘एस्टीज’ ऐकू येते, पण पहिल्यात ते ‘इज’चे आखूड रूप आहे आणि दुसऱ्यात ‘हॅज’चे. म्हणून एस्टीला उशीर झाला असेल तर ‘इजन्ट इट?’ आणि ती निघून गेली असेल तर ‘हॅजन्ट इट?’. स्टँडवर ताटकळणे आणि गाडी चुकणे या दोन्ही गोष्टी आमच्याकडच्या मुलांच्या चांगल्या परिचयाच्या असल्यामुळे हा फरक त्यांना परत सांगावा लागत नाही.

अपवादांपैकी काहींना कारण आहे, काहींना केवळ रूढी आहे, आणि ज्यांना रूढीच आहे तिथे तसे सांगून मोकळे व्हावे. ‘आय ॲम लेट’चा टॅग ‘आरन्ट आय?’ होतो, याचे समाधानकारक उत्तर शिक्षकाने उगाच रचू नये. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये ‘ॲमन्ट आय?’ म्हणणारे लोक आहेत, परंतु परीक्षेतली प्रमाण इंग्रजी ते रूप स्वीकारत नाही. ‘लेट्स गो’ला ‘शॅल वी?’ आणि आज्ञार्थाला बहुधा ‘विल यू?’ लावतात, यावर अधिक वेळ खर्च करण्याचे कारण नाही.

आता मुख्य मुद्दा. टॅग ही काही इंग्रजीनेच शोधलेली वस्तू नव्हे. आमच्याकडची आजी दारात उभी राहून ‘जेवलंस मां?’ किंवा ‘होडी इली मां?’ असे विचारते, घाटावरचे लोक ‘जेवलास ना?’ म्हणतात, आणि दोघेही तेच करीत असतात जे इंग्रज माणूस टॅगने करतो: आपल्याला जे वाटते ते ऐकणाऱ्याकडून पक्के करून घेणे. ‘जेवलास का?’ यात विचारणाऱ्याला काहीच ठाऊक नसते, ‘जेवलास ना?’ यात त्याने अंदाज बांधलेला असतो. हा फरक मराठी मुलाला चार वर्षांचा असल्यापासून कळतो. फरक एवढाच, की आपला ‘ना’ किंवा ‘मां’ काळ, लिंग, वचन यांपैकी कशासाठीही बदलत नाही, आणि इंग्रजी टॅग दर वाक्यागणिक नव्याने घडवावा लागतो. ‘यू आर कमिंग, इजन्ट इट?’ असे जे आपण सर्रास ऐकतो ते या ‘ना’चेच भाषांतर आहे. जर्मन आणि फ्रेंच लोकही आपल्यासारखाच एक ठरीव टॅग वापरतात, आणि लंडनमधील तरुण मुले तर ‘इनिट’ हा एकच शब्द कुठल्याही वाक्याला जोडतात. तेव्हा हे वाक्य उत्तरपत्रिकेत अवश्य चुकीचे धरावे, पण ते म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसू नये.

खरा घोटाळा होतो तो उत्तर देताना, आणि त्याविषयी लेखात एक अक्षरही नाही. तारकर्लीच्या बाजूला पर्यटकांची वर्दळ वाढल्यापासून हे प्रसंग मी अनेकदा पाहिले आहेत. ऐन जुलैत आलेल्या एका परदेशी पाहुण्याने माझ्या एका माजी विद्यार्थ्याला विचारले, ‘यू डोन्ट गो आउट टू सी इन जुलै, डू यू?’ आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्याची होडी किनाऱ्यावर झापांखाली शाकारलेली होती, आणि तरी तो म्हणाला, ‘येस’. त्याच्या मनात होते, ‘होय, बरोबर, नाही जात’. मराठीत आपण समोरच्याच्या म्हणण्याला होकार देतो. इंग्रजीत ‘येस’ आणि ‘नो’ हे प्रत्यक्षात घडते की नाही यावर ठरतात. त्या पाहुण्याला अर्थातच वाटले की हे लोक भर पावसाळ्यात समुद्रात जातात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ताज्या मासळीच्या आशेने तो किनाऱ्यावर येऊन उभा राहिला. ‘नो, वी डोन्ट’ हे तीन शब्द त्या मुलाला दहा वर्षांच्या इंग्रजी शिक्षणात कुणी सांगितले नव्हते. हा दोष माझ्याही पदरी येतो, कारण त्याला तीन वर्षे मीच शिकवले होते.

स्वराचेही तसेच. टॅगचा शेवट खाली उतरवला तर बोलणारा केवळ दुजोरा मागतो, वर चढवला तर त्याला खरोखरच शंका असते. ‘होडी इली मां?’ हे वाक्य निवांतपणे म्हणणारी आजी आणि वादळी संध्याकाळी तेच म्हणणारी आजी यांच्या स्वरांतला फरक कुठल्याही कोळ्याच्या पोराला शिकवावा लागत नाही. लेखी परीक्षेत तो विचारता येत नाही म्हणून तो शिकवायचाच नाही, हे मला पटत नाही; तोंडी परीक्षा आणि वर्गातील संभाषणे त्यासाठीच आहेत. आमचे कोकण विभागीय मंडळ दहावीच्या निकालात सातत्याने राज्यात आघाडीवर असते, याचा मला अभिमान आहे, पण टॅगचा गुण मिळवणारी हीच मुले समोरच्या माणसाला ‘येस’ म्हणावे की ‘नो’ इथे अडखळतात, हेही मी पाहतो.

‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर याच जिल्ह्यातल्या पोंभुर्ल्याचे. १८३२ साली त्यांनी इंग्रजी आणि मराठी मजकूर एकाच पानावर शेजारी शेजारी छापला. व्याकरणाच्या सदरातही इंग्रजी वाक्याशेजारी त्याचे मराठी वाक्य, जमल्यास मालवणीदेखील, छापता येईल. तूर्त एवढीच विनंती, की पुढील अंकात ‘फ्यू बोट्स’च्या वाक्याची दुरुस्ती ठळकपणे द्यावी, कारण ते कात्रण आतापर्यंत अनेक वह्यांत चिकटले असेल.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, मालवण